बालविभागाच्या किल्ल्या: प्रकल्प नोंदी, नाशिक

9 जून

यादी पक्की झाली. सहा वाचनालयं: सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड आणि गावाकडची दोन, एक गिरणाऱ्याच्या बाजूचं, एक निफाडच्या वाटेवरचं. या वहीत वाचनालयांची नावं लिहायची नाहीत, माणसांचीही नाहीत. सिडकोच्या ताई, नाशिकरोडचे काका एवढ्यावर काम भागतं. नाव आलं की माणूस जपून बोलायला लागतो.

पैसे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी जमवून दिले. “बाई, मुलांनी वाचावं म्हणून काहीतरी करा,” एवढीच अट. मुलांसाठी शिबिरं नाशकात उदंड होतात. शाळेच्या ग्रंथालयात 28 वर्षं काढल्यावर मी ठरवलंय की हे वर्ष मुलांच्या मागे लागायचं नाही. संध्याकाळी चार ते आठ बालविभागाच्या टेबलाशी जे माणूस बसतं, त्याला काय लागतं ते बघायचं.

पुस्तकांचं कौतुक या गावाला नवं नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 चं. ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पुस्तकांनी भरलेल्या पेट्या 2009 मध्ये इथूनच निघाल्या. 27 फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या आठवणीने ठिकठिकाणी कार्यक्रम होतात. या सगळ्यात लेखक असतो, वाचक असतो, देणगीदार असतो. देवघेवीच्या टेबलावरच्या ताई सतरंज्या घालताना दिसतात, नंतर फोटोत नसतात.

20 जून

पहिली बैठक. सहापैकी पाच जण आले, निफाडकडच्या ताईंची बस चुकली.

मी तयारीनिशी गेले होते. गोष्ट कशी सांगावी, चित्रांचं पुस्तक मुलांकडे तोंड करून कसं धरावं, कोणत्या वयाला काय द्यावं. सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. मग चिठ्ठ्या वाटल्या, ‘तुमची मुख्य अडचण लिहा’. जागा कमी. पंखा नाही. मुलं दंगा करतात. तपासणीला आलेल्या साहेबापुढे लिहावं तसं सगळं.

खरं बोलणं जिन्यात झालं, चपला घालताना. गिरणाऱ्याकडच्या ताई म्हणाल्या, “मॅडम, प्रमाणपत्राच्या वर्गात आम्हाला वर्गीकरण शिकवलं, तालिकीकरण शिकवलं. पोरगं पुस्तक घेऊन गेलं आणि आलंच नाही तर काय करायचं, ते नाही शिकवलं.” सगळे हसले, मीही हसले.

त्यांचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचं. मध्यंतरी सरकारने अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वर्षाचे 30,000 होते ते 48,000 झाले. त्यातले निम्मे वेतनाचे. वर्षाला 24,000 म्हणजे महिन्याला 2,000, आणि तेही हप्ता हातात पडेल तेव्हा. हा हिशोब मी रिक्षात बसून तीनदा केला.

4 जुलै

सातपूर. पाऊस धो धो, तरी मुलं आली होती. एमआयडीसीत कामाला असलेल्यांची पोरं. घरी हिंदी, भोजपुरी, अहिराणी, शाळेत मराठी.

बालविभाग म्हणजे काचेची दोन कपाटं. दोन्हींना कुलूप, किल्ली ताईंच्या कमरेला. मुलं काचेला नाक लावून बोट दाखवतात, “तो निळा, नाही, त्याच्या बाजूचा.” ताई उठतात, कुलूप उघडतात, पुस्तक काढून देतात, पुन्हा कुलूप लावून बसतात. मी 40 मिनिटं बसले होते. तेवढ्यात 11 मुलांसाठी 11 वेळा कुलूप. बहुतेकांनी पुस्तक चाळून परत दिलं, कारण आत काय आहे ते बाहेरून कसं कळणार? एक मुलगी तर दुसऱ्यांदा बदलून मागायला कचरली आणि नको असलेलं पुस्तक घेऊन गेली.

मी ताईंना मुक्तद्वार पद्धतीबद्दल सांगितलं. मुलांनी स्वतः हात घालून निवडलं पाहिजे वगैरे. “हो मॅडम,” म्हणाल्या. किल्ली कमरेलाच होती.

परतताना मनात आलं, बाई कडक आहेत. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

18 जुलै

सातपूरलाच गोष्टीचा तास. पुस्तकातली मराठी गोष्ट मी सांगितली. बरी झाली म्हणायची. मग ताईंना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या मूळच्या सटाण्याच्या. आधी लाजल्या, मग अहिराणीत सुरू झाल्या. कोल्होबाला वाटेत भेटणारा प्रत्येक प्राणी विचारतो, “कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?” तिसऱ्यांदा हा प्रश्न आला तेव्हा सगळी मुलं, भोजपुरीवालीसुद्धा, एका सुरात ओरडत होती. एवढ्या वेळात कुणीही काचेकडे बघितलं नाही.

माझ्या 20 जूनच्या व्याख्यानातली अर्धी पानं फाडावीत असं वाटलं.

27 जुलै

गोदेला पाणी चढलंय. दुतोंड्या मारुती किती बुडाला एवढीच चौकशी सगळीकडे. पंचवटीच्या वाचनालयात पाणी शिरलं नाही, पण भिंतींना ओल आलीय. खालचा कप्पा रिकामा करून पुस्तकं वर चढवली. मी, ताई आणि त्यांचा नववीतला मुलगा.

फाटक्या पुस्तकांचा ढीगही निघाला. तिथले जुने शिपाईकाका खळ करून बांधणी करतात, हात फार सफाईदार. खळीत ते मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. बांधणीवाल्यांची जुनीच रीत ती. पण बालविभागातलं पुस्तक आधी तोंडात जातं, मग वाचलं जातं, आणि मोरचूद विषारी. काकांना सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चाळीस वर्षं कुणी बोललं नाही.” पांढरा फेविकॉल पाण्यात सैल करून लावायचं ठरलं.

12 ऑगस्ट

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. नाशिकरोडला सगळे जमलो. हार, नारळ, पेढे झाले. मी त्यांच्या पाच सूत्रांबद्दल बोलले. पुस्तक 1931 चं. पहिलं सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. ते समजावताना रंगनाथन जुन्या काळच्या युरोपातल्या पुस्तकांचा दाखला देतात, जी फळीला साखळीने बांधलेली असायची.

सातपूरच्या ताईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. रागाने नव्हे. म्हणाल्या, “मॅडम, मागच्या वर्षी माझे 640 रुपये कापले.”

मग एकेक जण बोलू लागलं. सातपूरला चार पुस्तकं हरवली, त्यांची किंमत ताईंच्या मानधनातून वळती केली. सिडकोच्या ताईंचे 380. गिरणाऱ्याकडच्या ताईंनी तर कुणी मागायच्या आधीच 250 रुपयांचं पुस्तक स्वतः विकत आणून कपाटात ठेवलं, कुणाला कळू नये म्हणून. 2,000 मधले 250 म्हणजे आठवा हिस्सा. काकांनी खिशातली एक यादी दाखवली: कोणत्या मुलाकडे कोणतं पुस्तक, घर कुठे, बाप कुठल्या कंपनीत, फोन कधी उचलतो. सुटीच्या दिवशी ते सायकलवरून वसुलीला जातात.

मी पेढ्याचा बॉक्स बंद केला. जूनपासून मी यांना मुलांसमोर पुस्तक कसं उघडावं ते शिकवत होते.

13 ऑगस्ट

झोप नीट लागली नाही. ठरलेली सप्टेंबर आणि ऑक्टोबरची प्रशिक्षणं रद्द. आधी मानधनातली ही कपात थांबवायची.

2 सप्टेंबर

हातात काहीतरी लेखी हवं. कार्यकारिणीपुढे भावना चालत नाहीत, विशेषतः खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले असले तर.

केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधले, त्यातला 215 वा नियम ग्रंथालयांच्या मोजणीबद्दल आहे. 20,000 पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी. त्याखालीच आमच्या कामाचं वाक्य: वर्षात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते वाजवी मानावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. 1,000 रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी.

आमच्या वाचनालयांवर हा नियम बंधनकारक नाही, तो केंद्राच्या खात्यांसाठी आहे. पण जे सरकार रुपयाचा हिशोब मागतं तेही हजारी पाच सोडतं, एवढं दाखवायला पुरे.

9 सप्टेंबर

सातपूरची रजिस्टरं काढून बसलो. गेल्या वर्षी बालविभागाची देवघेव 1,460. हजारी पाचने 7 होतात. हरवली 4. म्हणजे ताईंनी 640 रुपये भरले ते दिल्लीच्या मापाने चोख काम केल्याबद्दल.

आकडा काढल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझी चूक नव्हती?” तेव्हापासून ही बाई स्वतःला निष्काळजी समजत होती.

28 सप्टेंबर

सातपूरची कार्यकारिणी. भाषण केलं नाही, एक कागद दिला. वर नियम, खाली रजिस्टरचे आकडे, त्याखाली ठरावाचा मसुदा: हजारी पाचपर्यंतचं नुकसान संस्थेचं, कर्मचाऱ्याकडून वसुली नाही, निर्लेखनाची, म्हणजे हरवलेलं पुस्तक नोंदीतून कमी करण्याची रीत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला विचारून.

खजिनदारांनी कागद दोनदा वाचला. “वसुली नसेल तर शिस्त कशी राहणार?” अध्यक्ष म्हणाले, गेल्या वर्षी वसुली होती, चार गेलीच ना. बाकीची चर्चा चहाच्या बिलावर झाली. ठराव मंजूर, एक वर्षासाठी, प्रयोग म्हणून.

15 ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. सहाही जण फोटो काढून वर पाठवण्यात गुंतलेले. आज कुणाला भेटायला जाण्यात अर्थ नव्हता.

19 ऑक्टोबर

ठरावांची स्थिती. सिडको आणि गिरणारे मंजूर. पंचवटी ‘पुढच्या सभेत’. नाशिकरोड नामंजूर, कारण ‘पायंडा पडेल’. निफाडकडच्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे कापतच नाहीत, आणि कपाटाचं दार चार वर्षांपूर्वी मोडलं ते कुणी बसवलं नाही. तिथे मुलांची गर्दी सगळ्यात जास्त का, हे मला जूनपासून कोडं होतं.

6 नोव्हेंबर

सातपूरची कपाटं उघडली. पहिले दोन दिवस अक्षरशः बाजार. पुस्तकं उलटी, आडवी, एक मोरीत सापडलं. तिसऱ्या दिवशी मुलांनीच रंगीत टिकल्यांची पद्धत समजून घेतली: लाल टिकली म्हणजे नुकतं वाचायला लागलेल्यांची, निळी जोडाक्षरं येणाऱ्यांची, पिवळी जाड पुस्तकांची. इयत्तेप्रमाणे कप्पे लावायचे नाहीत, हे ताईंचं डोकं. पाचवीतल्या मुलाला लाल टिकलीचं घेताना लाज वाटू नये म्हणून.

अगदी छोट्यांसाठी ‘फाटलं तर फाटू द्या’ टोपली केली. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर प्रथम बुक्सने 2015 पासून मुक्त परवान्याच्या गोष्टी ठेवल्या आहेत, मराठीतही. छापायला, वाटायला मोकळ्या. झेरॉक्सवाल्याकडून काढून मधे शिवल्या. यांची दाखलनोंद नाही, म्हणून हरवण्याची भीतीही नाही. टोपली मांडल्यावर ताई पहिल्यांदाच मुलांच्यात मांडी घालून बसल्या.

21 नोव्हेंबर

ही नोंद थोडक्यात, कारण तपशील लिहिण्यासारखे नाहीत. नाशिकरोडला एक दहा वर्षांचा मुलगा रोज कुलूप लागेपर्यंत बसून असतो, घरी जायचं नाव काढत नाही. काकांना शंका आहे, विचारायला भीती वाटते. “आपण नसतं झंझट लावून घेतलं तर?”

एका वकील ताईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं ते असं. मूल बोलेल तेव्हा ऐकायचं, उलटतपासणी करायची नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवायचे. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाने पोलिसांना कळवणं ज्याला कळलं त्या प्रत्येकाला बंधनकारक आहे; कार्यवाहांची परवानगी लागत नाही. हे शेवटचं वाक्य काकांनी दोनदा म्हणून घेतलं.

सगळ्यांच्या टेबलाच्या खणात आतून एक कार्ड चिकटवलं. काकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. पुढचं माझ्या वहीत नको.

8 डिसेंबर

मोठ्या मुलांचा प्रश्न. तेरा ते सतरा. बालविभागात त्यांना गुडघे मावत नाहीत, मोठ्यांच्या विभागात कुणी उभं करत नाही. वाचनालयाशी त्यांचा संबंध म्हणजे अभ्यासिका: महिन्याची फी, नंबर टाकलेली खुर्ची, नीटची गाईडं. अभ्यासिकेच्या फीवरच बरीचशी वाचनालयं तगून आहेत, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. पण आठ तास पुस्तकात मान घालून बसलेला पोरगा ‘वाचन आवडत नाही’ म्हणतो, आणि त्याचंही खरं आहे.

सिडकोच्या ताईंनी अभ्यासिकेच्या दाराबाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी, कोपराच्या उंचीवर एक फळी लावली. पातळ पुस्तकं: क्रिकेट, भुतं, गडकोट, विनोद, ‘किशोर’चे जुने अंक. वर पाटी, ‘पाणी पिता पिता’. नोंद नाही, सही नाही. पाणी प्यायला लागणारा वेळ वाढलाय म्हणे.

17 डिसेंबर

त्याच फळीवरून भांडण. वयात येण्याबद्दलचं एक साधं, शास्त्रीय पुस्तक तिथे होतं. एका मुलीच्या वडिलांनी ताईंना सगळ्यांदेखत सुनावलं. ताईंनी पुस्तक उचलून खणात टाकलं आणि मला फोन केला तेव्हा रडत होत्या.

त्या चुकल्या असं मी म्हणणार नाही. कोणतं पुस्तक ठेवायचं हे कुणी ठरवलं, याचा कागदच नव्हता. म्हणून ते ‘ताईंनी ठेवलेलं पुस्तक’ झालं. कार्यवाहांसोबत बसून सहा ओळींचं निवेदन केलं: पुस्तकं ग्रंथनिवड समिती ठरवते, हरकत असेल तर लेखी अर्ज द्यावा, समिती उत्तर देईल, तोवर पुस्तक जागेवर राहील. खाली कार्यवाहांची सही आणि शिक्का. काचेखाली ठेवलंय. पुन्हा कुणी आलं तर ताईंनी फक्त बोटाने दाखवायचं.

पुस्तक फळीवर परत गेलं. अर्ज आला नाही.

5 जानेवारी

थंडी मरणाची. निफाडकडच्या ताई फोनवर दात वाजवत बोलतात.

बुधवारी रात्री साडेआठला सहा जणांचा फोन, नोव्हेंबरपासून. मी सुरुवातीला सूत्रसंचालन करायचे, आता नुसती ऐकते. आजचे विषय: एक मुलगी तेच पुस्तक सातव्यांदा मागते, द्यावं का? (“द्या की, तुम्ही तीच भाजी रोज खाता ना,” इति काका.) उवांचं काय करायचं? ऐकू कमी येणाऱ्या मुलाला गोष्टीच्या वेळी कुठे बसवायचं? त्यावर पंचवटीच्या ताई म्हणाल्या, समोर बसवा आणि तुमचं तोंड उजेडाकडे करा, खिडकीकडे पाठ करून बसलात तर त्याला ओठ दिसत नाहीत. त्यांचा भाचा तसा आहे. हे मला 28 वर्षांत सुचलं नव्हतं.

27 फेब्रुवारी

दिवसभर कार्यक्रम. गिरणाऱ्याकडच्या ताईंना व्यासपीठावर बसवलं, सतरंज्या कार्यकारिणीच्या दोन सदस्यांनी घातल्या. एक तिरकी घातली होती.

14 मार्च

नाशिकरोड. ठराव अजूनही नाही. कपाटाला कुलूप लटकलेलं होतं, पण एक मुलगी गेली, कडी काढली, पुस्तक घेतलं. जवळ जाऊन पाहिलं तर कुलूप नुसतं अडकवलेलं, किल्ली त्यातच. काकांकडे बघितलं. ते देवघेवीच्या रजिस्टरात फार महत्त्वाचं काहीतरी लिहीत होते.

पंचवटीचं ‘पुढच्या सभेत’ आता एप्रिलमध्ये आहे.

28 मार्च

सातपूरची वार्षिक मोजणी. ताई, मी आणि खजिनदार, ते स्वतःहून आले. बालविभागाची देवघेव 2,310. हरवली 9.

“चारची नऊ झाली,” खजिनदार म्हणाले. खरं आहे, आणि देवघेव वाढली त्याहून जास्त पटीने वाढली. मी ते लपवलं नाही. हजारी पाचने 11 होतात. त्यांनी गणित कागदावर स्वतः केलं, मग पेन खिशाला लावलं. म्हणाले, ठराव आणखी एक वर्ष चालू ठेवायला हरकत नाही, पण 12 झाली तर मी बोलणार.

ताई तोवर हरवलेल्यांची यादी वाचत होत्या. नवांपैकी तीन पुस्तकं सापांची. त्यांनी नव्या खरेदीच्या यादीत ‘साप, 4 प्रती’ असं लिहिलं आणि पुढच्या पुस्तकाकडे वळल्या.